एक किनारा, अनेक यंत्रणा : दहशतवादविरोधी समन्वय कसा चालतो

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेआठच्या सुमारास मुंबईत कुलाब्याच्या बधवार पार्कजवळील मच्छीमार वसाहतीसमोर एक रबरी होडी किनाऱ्याला लागली. पाठीवर जड पिशव्या घेतलेले तरुण तिच्यातून उतरले. किनाऱ्यावर असलेल्या कोळ्यांनी त्यांना हटकले, तेव्हा उर्मट आणि उडवाउडवीची उत्तरे मिळाली. त्यानंतर तासाभरातच शहरात गोळीबार सुरू झाला. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमहाल हॉटेलमधील शेवटचा हल्लेखोर मारला जाईपर्यंत १६६ जणांचा बळी गेला होता.

हल्लेखोर दहा होते आणि ते कराचीहून निघाले होते. वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली, खलाशांना ठार केले, तांडेलाकडून मुंबईपर्यंतची वाट काढून घेतली आणि अखेरीस त्यालाही मारले. भारतीय नोंदणीची बोट भारतीय समुद्रातून येत होती. तिला अडवावे असे कारण कोणालाच दिसले नाही. समुद्रात त्या वेळी नौदल होते, तटरक्षक दल होते, सीमाशुल्क खात्याच्या बोटी होत्या आणि किनाऱ्यावर पोलीसही होते. यंत्रणांची वाण नव्हती.

माहितीही अगदीच नव्हती असे नाही. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने हल्ल्यानंतर जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा समुद्रमार्गे घुसखोरी होण्याची शक्यता आणि मुंबईतील मोठी हॉटेले लक्ष्य होण्याची शक्यता सांगणारे इशारे २००६ पासून वेळोवेळी आल्याचे तिला आढळले. ते वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेबलांवर आले. ते एकत्र ठेवून त्यांतून एक चित्र उभे करणे हे कोणा एकाचे नेमून दिलेले काम नव्हते. दहशतवादविरोधी समन्वय या शब्दाचा भारतातला आजचा अर्थ बहुतांशी या एका उणिवेतून घडला आहे. मुंबईत ती होडी ज्या अरबी समुद्रातून आली, त्याच समुद्राचा किनारा गोव्याला लाभला असल्याने हा अर्थ गोमंतकीय वाचकाने नीट समजून घेण्यासारखा आहे.

अधिकार कोणाचा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतील पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे. म्हणजे बॉम्बस्फोट कोठेही झाला तरी पहिला गुन्हा स्थानिक पोलीस स्थानकात नोंदवला जातो, पहिला पंचनामा तेथील उपनिरीक्षक करतो आणि जखमींना उचलण्याची, गर्दी हटवण्याची, जागा राखण्याची जबाबदारी राज्याची असते. दुसऱ्या बाजूला कलम ३५५ प्रमाणे बाह्य आक्रमण आणि अंतर्गत अशांतता यांपासून राज्यांचे रक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, सीमाशुल्क, मोठी बंदरे आणि हवाई वाहतूक हे विषयही केंद्राचेच. दहशतवादी मात्र या सूच्या पाहून चालत नाही. तो समुद्रातून येतो तेव्हा केंद्राच्या हद्दीत असतो आणि वाळूवर पाय ठेवताच राज्याच्या हद्दीत येतो.

केंद्रातही एकच घर नाही. देशांतर्गत गुप्तवार्ता गोळा करणारा गुप्तचर विभाग म्हणजे आयबी गृह मंत्रालयाच्या कक्षेत, परदेशातील माहिती आणणारी ‘रॉ’ मंत्रिमंडळ सचिवालयात, तटरक्षक दल व नौदल संरक्षण मंत्रालयात, महसूल गुप्तचर संचालनालय आणि संशयास्पद आर्थिक व्यवहारांची छाननी करणारा वित्तीय गुप्तवार्ता विभाग अर्थ मंत्रालयात, तर बंदरे व विमानतळ यांचे कारभार आणखी दोन मंत्रालयांत. प्रत्येकाची कागद वर पाठवण्याची वाट वेगळी, गोपनीयतेचे नियम वेगळे आणि, हेही सांगितले पाहिजे, श्रेय घेण्याची ओढही वेगळी.

माहिती एका टेबलावर आणण्याचा प्रयत्न

कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गुप्तवार्ता यंत्रणांतील विसंवादावर बोट ठेवले. त्यानंतरच्या मंत्रिगटाच्या शिफारशींनुसार २००१ च्या अखेरीस गुप्तचर विभागात बहुसंस्था केंद्र स्थापन झाले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘मॅक’ म्हणून ओळखले जाते. कल्पना सरळ होती. दहशतवादाशी संबंधित जी माहिती ज्या संस्थेकडे असेल ती तिने या केंद्रात आणावी आणि येथून ती संबंधितांपर्यंत जावी. परंतु २००८ पर्यंत हे केंद्र बरेचसे कागदोपत्रीच राहिले, कारण माहिती देणे ही बाब संस्थेच्या मर्जीवर सोडलेली होती.

३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने ही स्थिती बदलली. केंद्र चोवीस तास चालू ठेवण्यात आले, सहभागी संस्थांनी माहिती देणे बंधनकारक ठरले आणि राज्यांच्या राजधान्यांत त्याच्या उपशाखा जोडण्यात आल्या. राज्य पोलिसांची विशेष शाखा, केंद्रीय दले आणि लष्करी गुप्तचर यांचे प्रतिनिधी या उपशाखांतून एकत्र बसतात. आलेल्या प्रत्येक माहितीबाबत दोन प्रश्न तेथे महत्त्वाचे असतात : तिच्यावर कृती कोणी करायची आणि ती झाली की नाही हे कोणी पाहायचे. पहिला प्रश्न बैठकीत सुटतो. दुसरा बहुधा पुढच्या बैठकीपर्यंत लोंबकळतो.

गुप्तवार्ता बहुतेक वेळा धूसर असते, ही अडचण सामान्य वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही. ‘पश्चिम किनाऱ्यावर काही हालचाल संभवते’ असा इशारा आला तर गुजरातेपासून केरळपर्यंतच्या पोलिसांनी नेमके काय करायचे? काही दिवस नाकाबंदी होते, हॉटेलांच्या नोंदवह्या तपासल्या जातात, मग सुट्ट्या थांबवलेल्या शिपायांना घरी सोडावे लागते. अशा दहा इशाऱ्यांतून काही घडले नाही की अकरावा इशारा फायलीत जातो. म्हणून इशारा पुढे ढकलणे म्हणजे समन्वय नव्हे. तो स्थानिक माहितीशी ताडून पाहणारा माणूस जिल्ह्यात असावा लागतो. गोव्यात हे काम दहशतवादविरोधी पथक, विशेष शाखा आणि त्याहीपेक्षा गावपातळीवरील पोलीस स्थानकांवर येते. भाडेकरूंची पडताळणी, परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवण्याचे हॉटेल व गेस्ट हाऊसवाल्यांवरील बंधन, भाड्याने दिल्या जाणाऱ्या दुचाकींच्या नोंदी, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी या साखळीचे सर्वांत खालचे दुवे आहेत. पर्यटन हाच मुख्य व्यवसाय असलेल्या राज्यात ते दुवे सर्वाधिक ताणले जातात, विशेषतः डिसेंबरात.

तपास : मडगावचा धडा

मुंबई हल्ल्यानंतर महिनाभरात संसदेने राष्ट्रीय तपास संस्था अधिनियम संमत केला आणि ३१ डिसेंबर २००८ पासून तो अमलात आला. ‘एनआयए’ या नावाने परिचित झालेल्या या संस्थेची कार्यकक्षा अधिनियमाच्या अनुसूचीतील गुन्ह्यांपुरती आहे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियम, म्हणजे ‘यूएपीए’, त्यांत प्रमुख. २०१९ च्या दुरुस्तीने मानवी तस्करी, बनावट चलन, प्रतिबंधित शस्त्रे, सायबर दहशतवाद हे विषयही त्यात आले आणि परदेशात भारतीयांविरुद्ध घडलेल्या गुन्ह्यांचा तपास करण्याचा अधिकार मिळाला.

केंद्र आणि राज्य यांची सांधणी या अधिनियमाच्या सहाव्या कलमात आहे. पोलीस स्थानकात अनुसूचित गुन्हा नोंदवला गेला की त्याचा अहवाल राज्य सरकारकडे जातो, राज्य सरकार तो शक्य तितक्या लवकर केंद्राकडे पाठवते आणि केंद्राने १५ दिवसांत ठरवायचे असते की हे प्रकरण राष्ट्रीय संस्थेकडे द्यावे की नाही. आवश्यक वाटल्यास केंद्र स्वतःहूनही प्रकरण सोपवू शकते. निर्णय होईपर्यंत स्थानिक पोलिसांनी तपास थांबवायचा नसतो. हे शेवटचे वाक्य कायद्यात लहान आहे, पण सारा भार त्याच्यावर आहे. स्फोटाच्या जागेवरचे तुकडे, मोबाइलच्या नोंदी, कॅमेऱ्यातील चित्रण, साक्षीदारांची ताजी आठवण हे सगळे पहिल्या काही दिवसांतच हाती लागते, आणि त्या दिवसांत तपास राज्याच्याच पोलिसांकडे असतो.

गोव्याने हे जवळून पाहिले आहे. १६ ऑक्टोबर २००९ रोजी, नरकासुराच्या मिरवणुकांच्या रात्री, मडगावात स्कूटरवरून नेल्या जाणाऱ्या स्फोटकाचा स्फोट झाला आणि ते नेणाऱ्या दोघांचा त्यात मृत्यू झाला. त्याच रात्री सांकवाळ येथेही स्फोटक सापडले आणि ते निकामी करण्यात आले. सणाच्या गर्दीत जे घडू शकले असते त्याच्या विचाराने राज्य हादरले. तपास प्रथम गोवा पोलिसांच्या विशेष पथकाकडे होता. नंतर तो, स्थापनेला वर्षही न झालेल्या, राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. संस्थेच्या अगदी आरंभीच्या प्रकरणांपैकी ते एक. आरोपपत्र दाखल झाले, खटला चालला आणि २०१३ च्या अखेरीस विशेष न्यायालयाने खटल्याला सामोरे गेलेल्या सहाही आरोपींना निर्दोष ठरवले. या निकालावर मते काहीही असोत, एवढे खरे की राष्ट्रीय संस्था आली म्हणून शिक्षा होते असे नाही. पुरावा न्यायालयात टिकावा लागतो. त्याला हात जितके जास्त लागतात तितके प्रश्न उलटतपासणीत वाढतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने यात आणखी एक वळण आणले. तिच्या ११३ व्या कलमात दहशतवादी कृत्याची व्याख्या आली असून, गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षकाच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचे आहे. यूएपीएखाली खटला चालवण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते आणि तत्पूर्वी स्वतंत्र प्राधिकरणाकडून पुराव्याचा आढावा घ्यावा लागतो. संहितेच्या कलमात तशी तरतूद नाही. एका अधीक्षकाच्या निवडीवर आरोपीला मिळणारे संरक्षण आणि प्रकरणाचा पुढचा प्रवास दोन्ही अवलंबून राहतात. राज्याच्या पातळीवर या निवडीचे निकष लेखी स्वरूपात असावेत, ही अपेक्षा वावगी ठरू नये.

केंद्रीकरणाचा एक मोठा प्रयत्न मात्र फसला. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र स्थापण्याचा आदेश काढला. हे केंद्र गुप्तचर विभागात असणार होते आणि त्याला झडती व अटकेचे अधिकार मिळणार होते. अनेक मुख्यमंत्र्यांनी, त्यात वेगवेगळ्या पक्षांचे होते, त्याला विरोध केला. गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या संस्थेने अटकही करावी हे लोकशाहीत बसत नाही, आणि राज्याला न विचारता ती राज्यात शिरली तर घटनेतील वाटणीच मोडते, असे त्यांचे म्हणणे. मे महिन्यातील मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतही एकमत झाले नाही आणि केंद्र प्रत्यक्षात आले नाही. विरोधात राजकारण होते हे उघड आहे. पण आक्षेपातला पहिला मुद्दा आजही तितकाच वजनदार आहे.

समुद्रावरची वाटणी

किनारी सुरक्षेत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे यंत्रणांच्या हद्दी पाण्यावर आखलेल्या असतात. याची जाणीव मुंबई हल्ल्याच्याही पंधरा वर्षे आधी झाली होती. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटमालिकेसाठी स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडी व दिघी येथे उतरवली गेली होती. ती उतरली तेव्हा पाहणारे डोळे होते. त्यांतले काही विकत घेतलेले होते. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातील काही कर्मचाऱ्यांना पुढे त्यासाठी शिक्षा झाल्या. त्याच वर्षी गुजरात व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने नौदल, तटरक्षक दल, राज्य पोलीस आणि सीमाशुल्क यांची संयुक्त गस्त सुरू झाली. ती गस्त चालू असलेल्या समुद्रातूनच २००८ मध्ये ‘कुबेर’ आली.

२००५ मध्ये किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर झाला होता. ७३ किनारी पोलीस स्थानके आणि २०४ वेगवान बोटी असा त्याचा एकूण आवाका. हल्ल्याच्या वेळी त्यातील बराच भाग अजून प्रत्यक्षात यायचा होता. पुढे दुसरा टप्पा आला, तोही अनेक वर्षे चालला. गोव्यात शिवोली, बेतूल, तळपण अशा ठिकाणी किनारी पोलीस स्थानके उभी राहिली.

फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने प्रथमच स्पष्ट शब्दांत जबाबदारी ठरवली. किनारी आणि खोल समुद्रातील सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे. प्रादेशिक समुद्रातील, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे, त्यात किनारी पोलिसांच्या गस्तीचा भागही आला. तटरक्षक दलाच्या महासंचालकांवर केंद्र व राज्य यंत्रणांत समन्वय साधण्याचे काम सोपवण्यात आले. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे नौदलाच्या नेतृत्वाखाली संयुक्त कार्यवाही केंद्रे सुरू झाली. गोव्याचा समुद्र मुंबईच्या केंद्राशी जोडलेला आहे. दिल्लीत मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती आणि राज्यांत मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली किनारी सुरक्षा समित्या आल्या. नौदल आणि तटरक्षक दलाची ५१ ठाणी जोडणाऱ्या जाळ्याचे मुख्य केंद्र गुरुग्राम येथे उभारले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचे उद्घाटन मनोहर पर्रीकर यांनी केले, संरक्षणमंत्रिपद स्वीकारल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत. किनाऱ्यावर रडारांची साखळी उभारली गेली. सागरी सुरक्षेतील अनेक मंत्रालयांची मोट बांधण्यासाठी २०२२ मध्ये राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक हे पद निर्माण झाले. समन्वयासाठी समन्वयक नेमावा लागतो आणि त्याच्यासाठी आणखी एक कार्यालय, असा हा सरकारी क्रम असला तरी येथे तो अनाठायी नाही. पंधराहून अधिक संस्था ज्या पाण्यावर हक्क सांगतात तेथे कोणीतरी एकाने प्रश्न विचारलेच पाहिजेत.

गोव्यात ही वाटणी प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहण्यासारखे आहे. दाबोळीला नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ, वास्कोला तटरक्षक दलाचे जिल्हा मुख्यालय, मुरगाव बंदरात आणि विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, समुद्रात आणि किनाऱ्यावर सीमाशुल्क खाते. राज्य सरकारकडे किनारी पोलीस, मच्छीमार बोटींची नोंद ठेवणारे मत्स्योद्योग खाते आणि नद्यांतील नौकांवर देखरेख करणारे बंदर कप्तान खाते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेले हे बंदर कप्तानाचे पद इतर राज्यांतील अधिकाऱ्यांना जरा चमत्कारिक वाटते; पण मांडवीतील प्रत्येक जलसफरीची आणि कॅसिनोची नौका त्याच्या नोंदीतून जाते, म्हणून त्याला वगळून नदीमुखांच्या सुरक्षेचा विचारच होऊ शकत नाही. समजा, पहाटे रडारवर न ओळखता येणारी एक बोट दिसली. ती तटरक्षक दल अडवते. तिची नोंदणी खरी की खोटी हे मत्स्योद्योग खाते सांगते. खलाशांना किनाऱ्यावर आणल्यावर गुन्हा किनारी पोलीस स्थानकात नोंदवला जातो. त्यानंतर गुप्तचर विभाग, नौदल, सीमाशुल्क व पोलीस मिळून संयुक्त चौकशी करतात. पाच खात्यांपैकी एकाचा जरी दूरध्वनी लागला नाही तरी ती बोट ‘कुबेर’ आहे की वाट चुकलेली आहे हे कळायला दिवस लागू शकतो.

यातील कच्चा दुवा बहुधा सर्वांत खालचा असतो. देशाच्या अनेक किनारी राज्यांत पोलिसांच्या बोटी इंधनाअभावी, सुट्या भागांअभावी किंवा चालवणाऱ्या प्रशिक्षित माणसांअभावी उभ्या राहिल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वारंवार आले आहे. रस्त्यावर वाहतूक सांभाळण्यासाठी भरती झालेल्या शिपायाला समुद्रात पाठवले की तो पहिल्या दिवशी ओकाऱ्या काढतो आणि दुसऱ्या महिन्यात बदली मागतो. खाऱ्या हवेत बोटीचे इंजिन गाडीसारखे चालत नाही, त्याची देखभाल हा वेगळा कसब असलेला व्यवसाय आहे. केंद्राने बोट दिली आणि तिच्या डिझेलचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात बसला नाही, असा समन्वय पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच गस्तीत उघडा पडतो.

हल्ला झालाच तर

प्रतिबंध फसला की पुढचे तास निर्णायक ठरतात. त्यांतील सर्वांत वाईट शत्रू म्हणजे निर्णयाची वाट पाहणे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून अपहृत झालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ विमान अमृतसरला उतरून पाऊण तासाच्या आसपास उभे होते. दिल्लीत आपत्कालीन व्यवस्थापन गट बसला होता, पंजाब पोलीस विमानतळावर होते, कमांडो पथक वाटेत होते. कोणी काय करायचे हे ठरण्यापूर्वी विमान उडाले आणि शेवट कंदाहारला, तीन दहशतवाद्यांच्या सुटकेत झाला.

मुंबईतही पहिल्या रात्री शहर पोलिसांनी जे होते त्यानिशी झुंज दिली. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी त्या रात्रीच कामी आले. तुकाराम ओंबळे यांनी हातातल्या लाठीनिशी अजमल कसाबला रोखून धरले आणि प्राण गमावले. तो जिवंत सापडला म्हणूनच कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत पुराव्यानिशी नेता आले. नौदलाचे मार्कोस कमांडो मध्यरात्रीनंतर आले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे एनएसजी, तेव्हा फक्त दिल्लीजवळ मानेसरला होते. राज्याची मागणी, केंद्राचा आदेश, विमानाची व्यवस्था, मुंबईतील विमानतळापासून दक्षिण मुंबईपर्यंतची वाहने, या सगळ्यांतून कारवाई सुरू व्हायला दुसरा दिवस उजाडला. त्यानंतर मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे या दलाचे तळ उभारण्यात आले, पुढे गांधीनगरलाही. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे पथक उभे केले. गोव्याला सर्वांत जवळचा तळ मुंबईचा. हवाई मार्गाने हे अंतर तासाभराचे असले तरी मागणी, मंजुरी, चढणे, उतरणे, जागेची ओळख करून घेणे हे धरले तर पहिले काही तास गोवा पोलिसांच्या शीघ्र कृती पथकालाच निभावावे लागणार, हे गृहीत धरूनच आराखडा करावा लागतो.

त्या तासांत राज्याचे काम हल्लेखोराला ठार करण्यापेक्षा त्याला एका जागी जखडून ठेवण्याचे असते. आतील कडे सशस्त्र पथकाचे, बाहेरचे कडे जिल्हा पोलिसांचे. त्यापलीकडे रुग्णवाहिका, अग्निशामक दल आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळाकडे जाणारा रस्ता मोकळा. हॉटेल असेल तर इमारतीचा नकाशा आणि वीज, पाणी, वातानुकूलन बंद करण्याची जागा माहीत असलेला माणूस. प्रसारमाध्यमांना किती अंतरावर थांबवायचे हाही युद्धनीतीचाच भाग झाला आहे. मुंबईत थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानातील सूत्रधार हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते, हे सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या अपिलाच्या निकालात कठोर शब्दांत नोंदवले आहे. आणि या सर्वांच्या वर एक प्रश्न : जागेवर आदेश कोणाचा? विशेष दल पोहोचल्यावर कारवाईचे नेतृत्व त्याच्याकडे सोपवायचे असते. ते कोणत्या क्षणी आणि कोणत्या अधिकाऱ्याने सोपवायचे हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर तेथेच खोळंबा होतो.

तपासाचा शेवट तर आणखी दूर असतो. मुंबई हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून भारतात आणण्यात आले ते १० एप्रिल २०२५ रोजी, हल्ल्यानंतर सोळा वर्षांनी. त्या मधल्या काळात परराष्ट्र मंत्रालय, राष्ट्रीय तपास संस्था आणि दोन देशांची न्यायालये यांच्यात कागद फिरत होते.

समुद्रातले डोळे

या व्यवस्थेची परीक्षा सरावातून घेतली जाते. ‘सागर कवच’ हा सराव राज्यवार वेळोवेळी होतो. त्यात एक पथक घुसखोराची भूमिका घेते, मासेमारी बोट मिळवते आणि नजर चुकवून किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करते. बाकीच्यांनी त्याला पकडायचे. जानेवारी २०१९ पासून नौदल ‘सी व्हिजिल’ हा सराव नऊ किनारी राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत एकाच वेळी घेते. सरावात पथक सुटून किनाऱ्याला लागले तर ती बातमी लाजिरवाणी मानून दडपण्याची प्रवृत्ती दिसते. खरे पाहता सरावाचा उपयोग तेथेच असतो.

सरावात असो वा प्रत्यक्षात, अनोळखी बोट प्रथम दिसते ती बहुतेक वेळा मच्छीमाराला. मालीम, कुटबण, खारीवाडा या जेट्यांवरून निघणाऱ्या ट्रॉलरवरील तांडेलाला कोणती बोट कोणाची, तिचा रंग, तिचे जाळे, तिची निघण्याची वेळ हे सारे तोंडपाठ असते. म्हणून बोटींना राज्यनिहाय रंग, मच्छीमारांना ओळखपत्रे, २० मीटरपेक्षा मोठ्या बोटींना ओळख प्रसारित करणारे उपकरण, असे उपाय योजले गेले. लहान बोटींचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. गोव्यातील ट्रॉलरांवर आता खलाशी बहुतांशी परराज्यांतून येतात. १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठते त्याआधीच्या काही दिवसांत शेकडो जणांची कागदपत्रे तपासून ओळखपत्रे देणे हे मत्स्योद्योग खाते आणि पोलीस या दोघांचेही काम. ते घाईत उरकले गेले की पुढचे दहा महिने समुद्रातील ओळखपत्राला अर्थ उरत नाही. मच्छीमारांचीही तक्रार आहे. माहिती दिली की पोलीस स्थानकात तासन्‌तास बसावे लागते, दिवसाचा धंदा बुडतो आणि पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही. ही तक्रार दूर करायला ना रडार लागते ना नवा कायदा.

समुद्रात संशयास्पद बोट, अनोळखी माणसे किंवा वाहून आलेली पेटी दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनारी पोलिसांचा १०९३ हे विनाशुल्क क्रमांक आहेत. बोटीचा रंग, नाव, नोंदणी क्रमांक, दिशा आणि दिसल्याची वेळ एवढे सांगितले तरी पुरते. वाहून आलेल्या वस्तूला हात न लावता तिच्यापासून दूर थांबावे, आणि स्वतः पाठलाग करू नये.